दुकान-गोदामाचे फोन इंटरनेटवर नेताना: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रावपुरा, मंगळबाजार, मकरपुरा, बडोद्याच्या कुठल्याही भागातून तक्रार आली तरी ती साधारण एकच असते: ‘सगळं नवीन घेतलं, पण आवाज तुटतो.’ जाऊन पाहिलं की बहुतेक ठिकाणी खरेदीच उलट्या क्रमाने झालेली दिसते. आधी हँडसेट आले, मग मोठा इंटरनेट प्लॅन, मग घाईने नवा नंबर. ज्या राऊटरमधून हे सगळं जाणार, त्याच्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. काही जण तर नवं चालू व्हायच्या आधीच जुनी लाईन बंद करायचा अर्ज देऊन मोकळे होतात.

योग्य क्रम असा: आधी जाळं, मग आतले कॉल, मग बाहेरचे कॉल, सगळ्यात शेवटी जुना नंबर. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

उदाहरणासाठी एक मांडणी धरू. रावपुऱ्यात कापडाचं दुकान, तिथे पाच हँडसेट. मकरपुरा जीआयडीसीत गोदाम, तिथे तीन. आणि गिऱ्हाइकांना पाठ असलेला ०२६५ चा एक जुना सात आकडी नंबर.

## सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिलं जातं. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हा झाला जी.७११ कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत लिहायची एक पद्धत. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरला जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि पत्ता वगैरेचे ४० बाइट. हिशेब केला की एका कॉलला एका दिशेने ८० किलोबिट प्रतिसेकंद होतात, आणि इथरनेटचं वेष्टन धरलं तर सुमारे ८७.

पाच कॉल एकाच वेळी चालले तरी अर्धा मेगाबिटसुद्धा लागत नाही. त्यामुळे आवाज तुटतो म्हणून १०० मेगाबिटचा प्लॅन २०० चा केल्याने सहसा काही बदलत नाही. अडचण वेळेची असते. फाइल पाठवताना एखादं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं. आवाजाचं पॅकेट पुन्हा मागवेपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं, म्हणून हरवलेलं सोडूनच दिलं जातं. पॅकेटं मागेपुढे पोचली तर सारखी करायला हँडसेट थोडा साठा धरून ठेवतो, पण तो साठाही ४०–६० मिलिसेकंदांचाच असतो. तोंडापासून कानापर्यंत एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं सहज होतं. त्याच्या बरंच वर गेलं की दोघंही एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात.

कॉल लावणं, घंटी वाजवणं, उचलणं, ठेवणं ही कामं एसआयपी करतो. प्रत्यक्ष आवाज आरटीपीच्या वेगळ्या वाटेने जातो. घंटी वाजते पण आवाज नाही, हा प्रकार त्यामुळेच होतो. पुढचे बरेचसे बिघाड याच फरकावरून ओळखता येतात.

## १. कागदावरची तयारी

एक कागद घ्या आणि खालच्या गोष्टी लिहूनच काढा. डोक्यात ठेवलेलं मधल्या घाईत हमखास निसटतं.

- कुठल्या टेबलावर कुठला हँडसेट आणि त्याचा आतला नंबर. दुकानाला २०१ पासून, गोदामाला ३०१ पासून. १०० आणि १०१ टाळा. बाहेरून चाचपणी करणारे पहिल्यांदा तेच वापरून पाहतात.
- एकाच वेळी बाहेर किती कॉल चालतील. आठ हँडसेट म्हणजे आठ कॉल नव्हेत. अशा दुकानाला एरवी तीन-चार पुरतात. नवरात्रीच्या आधीचे आठवडे आणि दिवाळीचा हंगाम धरून आकडा ठरवा.
- जुन्या लाईनला आणखी काय जोडलंय: फॅक्स, कार्ड घासायचं जुनं यंत्र, लिफ्टमधला फोन, चोरघंटा. ही उपकरणं आवाजासाठी दाबलेल्या कोडेकवर नीट चालत नाहीत. त्यांची वेगळी सोय ठरेपर्यंत त्यांना हात लावू नका.
- एक्स्चेंज, म्हणजे सगळे कॉल जोडून देणारं यंत्र, कुठे राहणार: तुमच्याकडच्या पेटीत की सेवा देणाऱ्या कंपनीकडे.

शेवटच्या मुद्द्यावर माझं मत स्पष्ट आहे. हँडसेट दहाच्या आत असतील आणि बिघाड झाल्यावर बघणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर एक्स्चेंज कंपनीकडेच ठेवा. स्वतःची पेटी घेतली तर ती सांभाळावी लागते. पायऱ्या दोन्हीकडे याच आहेत, फक्त पाचवी पायरी कंपनीच्या वेबपानावर होते.

सावधान: बाहेरच्या कॉलसाठी ट्रंक (एक्स्चेंजला बाहेरच्या फोन-जाळ्याशी जोडणारी वाट) परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्या, कागदपत्रं देऊन, स्वतःच्या नावाने. ‘परदेशातले कॉल आमच्या पेटीतून भारतात सोडा, महिन्याला पैसे देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. सिमकार्डं भरलेल्या पेट्यांतून असे कॉल उतरवणं हा गुन्हा आहे आणि जबाबदारी जागेच्या मालकावर येते. दुसऱ्या शहरातही शाखा असेल आणि बाहेरचा कॉल आतल्या जाळ्यातून तिकडे नेऊन तिथल्या लाईनवर सोडायचा विचार असेल, तर आधी कंपनीला लेखी विचारा.

## २. जाळ्याची तपासणी

या पायरीला पूर्ण एक दिवस द्या. हँडसेट अजून विकत घ्यायचे नाहीत.

लॅपटॉप वायरने थेट राऊटरला लावा. वायफायवरून केलेली तपासणी इथे चालत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि फोन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवा, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसत राहतं. पुढे -t हा पर्याय दिला की तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहतं. मग समोर बसून आकडे बघा. १४, १५, १४, १६ असे येत राहिले तर उत्तम. १४, १५, ९०, १४, १३० असं दिसलं तर सरासरी चांगली दिसली तरी कॉल वाईट होणार, कारण आवाजाला त्या उड्याच नडतात. उडी ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवलेली पॅकेटं शंभरात एकापेक्षा कमी, ही कामाची मर्यादा धरा.

आता महत्त्वाची चाचणी. पिंग चालू असतानाच दुसऱ्या संगणकावरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. बहुतेक दुकानांत १५ चे आकडे बघता बघता ३०० किंवा ४०० वर जातात आणि व्हिडिओ थांबवला की परत १५ वर येतात. हे दिसलं की आवाज का तुटतो ते कळलंच. डाउनलोडचा यात काही दोष नसतो. अपलोडची रांग तुंबलेली असते आणि आवाजाचं छोटं पॅकेट मागे अडकतं, रावपुऱ्याच्या गल्लीत टेम्पो माल उतरवत उभा राहिला की मागची सायकलही अडकते, तसं. ही रांग तुंबवणारे नेहमीचे म्हणजे क्लाउडवर चित्रण पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे, मोबाईलमधल्या फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप, आणि गिऱ्हाइकांना एकदम धाडलेले साड्यांचे पन्नास फोटो. त्यावरचा इलाज चौथ्या पायरीत येतो.

सर्व्हर कुठे आहे तेही विचारून घ्या. बडोदा ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाशाला तेवढ्यासाठी एका दिशेने दोनेक मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वळणं आणि यंत्रं मिळून थोडे जास्त, तरी ते कानाला जाणवत नाहीत. सर्व्हर अमेरिकेत असेल तर जाऊन येऊन दोनशेच्या वर जातात, आणि तिथे तुमचा राऊटर कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

शेवटी राऊटरचं पान उघडून त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुधा तुमच्या राऊटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक राऊटर पत्ते बदलतोय. असे दोन राऊटर एकामागे एक असले की एकतर्फी आवाजाला आमंत्रणच. कंपनीची पेटी ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे पत्ते बदलायचं काम एकच यंत्र करेल.

तपासा: दुकानात संध्याकाळी सहा ते आठच्या गर्दीत आणि गोदामात गाडी भरायच्या वेळेला हीच चाचणी पुन्हा करा. सकाळी दहा वाजता सगळ्यांचंच इंटरनेट चांगलं असतं.

## ३. वायर, वीज आणि जागा

टेबलावरचा हँडसेट वायरवरच ठेवा. जुन्या शहरात भिंती जाड आणि शेजारच्या दहा दुकानांचे वायफाय एकमेकांवर आदळणारे. तिथे वायफायवर टाकलेला फोन कधी चालतो, कधी नाही. कॅट ६ केबल घ्या, एका ओढीत १०० मीटरच्या आत ठेवा, आणि ट्यूबलाइट-पंख्याच्या वायरींना चिकटवून नेऊ नका.

स्विच पीओई असलेलाच घ्या, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज मिळते. ८०२.३एएफ प्रकारच्या स्विचला एका तोंडाला १५.४ वॅटपर्यंत देता येतात आणि साध्या हँडसेटला त्याहून बरीच कमी लागते. पण स्विच घेताना एका तोंडाचा आकडा पाहून थांबू नका, सगळ्या तोंडांची मिळून मर्यादा किती तेही वाचा. यामुळे प्रत्येक टेबलाखालचा अडॉप्टर जातो, आणि झाडू मारताना फोन बंद पडायचाही थांबतो.

तांब्याच्या जुन्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून दिवे गेले तरी फोन चालायचा. आता फायबरची पेटी, राऊटर, स्विच, एक्स्चेंज या चारही गोष्टींना तुमचीच वीज लागते. चौघांचे वॅट जोडा आणि त्यावरून यूपीएस ठरवा. अनेकदा फक्त संगणक यूपीएसवर असतो आणि फायबरची पेटी भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये. मग दिवे गेले की संगणक चालू राहतो आणि फोन गप्प होतात.

जागेबद्दल दोन गोष्टी आपल्या गावाच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं ते आठवा. तळमजला असेल तर यंत्रं जमिनीलगत ठेवू नका, भिंतीवर छातीच्या वर रॅक बसवा. आणि गच्चीवरून हवेत लोंबकळत आलेली फायबरची केबल उत्तरायणाच्या आधी भिंतीला पट्टीने बांधून घ्या. १४ जानेवारीला तिच्यात मांजा अडकतो, कुणीतरी खेचतं, आणि नेमका सुट्टीत दुरुस्तीवाला मिळत नाही.

## ४. राऊटर

या पायरीत चारच कामं आहेत. हँडसेट यायच्या आधी ती संपवा.

पहिलं, एसआयपी एएलजी बंद करा. मदतीसाठी म्हणून दिलेली ही सोय बहुतेक घरगुती राऊटरांत आधीपासून चालू असते. ती कॉलच्या निरोपात हात घालून पत्ते बदलते आणि बऱ्याचदा अर्धेच बदलते. बंद केल्यावर राऊटर पुन्हा सुरू करा, नाहीतर काही यंत्रांत बदल लागूच होत नाही.

दुसरं, अपलोडला लगाम घाला. मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के ही मर्यादा राऊटरमध्ये स्वतः लावा. रांग तुंबायची ती मग कंपनीच्या पेटीऐवजी तुमच्या राऊटरमध्ये तुंबेल, आणि तिथे कुणाला पुढे सोडायचं हे तुम्ही ठरवू शकता. थोडा वेग मुद्दाम सोडून द्यायला लोक तयार होत नाहीत. पण आवाज सुधारणारा सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

तिसरं, आवाजाला पुढे सोडा. हँडसेट आपल्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही खूण लावतात. ती खूण असलेलं आधी जाईल असा नियम करा. घराबाहेर ही खूण कंपनी पाळेल याची खात्री धरू नका. तुमची रांग तुमच्याच दारात असते, तिथे ती चालली तरी काम होतं.

चौथं, ५०६० हे एसआयपीचं दार बाहेरच्या जगासाठी उघडू नका. ‘इनकमिंग येत नाही’ म्हणून पोर्ट फॉरवर्ड करायचा सल्ला खूप जण देतात. उघडं ५०६० शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात आणि तुमच्या पेटीपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागत नाही.

तपासा: दुसऱ्या पायरीतली व्हिडिओ चढवायची चाचणी पुन्हा करा. पिंग १५ वरून फार तर ३०–४० वर जायला हवं. अजून ३०० होत असेल तर इथेच थांबा. लगाम लागलेला नाही, किंवा त्या राऊटरला हे जमतच नाही. दुसऱ्या बाबतीत राऊटर बदला. हँडसेटांच्या खर्चात काटकसर करून इथे पैसे घालणं परवडतं.

## ५. एक्स्चेंज

पेटी तयार मिळो की ॲस्टरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर बसवलेला छोटा संगणक असो, तिला आतला एकच कायमचा पत्ता द्या. मग आतले नंबर तयार करा. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि लांब हवा, यंत्राने बनवलेला. २०१ चा पासवर्ड २०१ ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यातच ठेवणं.

नॅटच्या, म्हणजे आतले-बाहेरचे पत्ते बदलण्याच्या, सेटिंगमध्ये दोन रकाने असतात: बाहेरचा पत्ता आणि आतलं जाळं. दोन्ही भरा. आतल्या जाळ्यात दुकानाचे पत्ते भरले आणि गोदामाचे राहिले, तर दुकानात सगळं छान आणि गोदामात एकतर्फी आवाज, असा डोकं खाणारा बिघाड होतो.

गोदाम जोडायला दोन्ही राऊटरांमध्ये व्हीपीएन बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून दोन्ही जाळी जोडणारी खासगी वाट, करा. निदान एका बाजूला खरा पत्ता हवा, तो नसेल तर इंटरनेट कंपनीकडून महिन्याच्या भाड्याने घ्या. आणि दोन्हीकडच्या पत्त्यांची मालिका वेगळी ठेवा. दुकानात १९२.१६८.१० आणि गोदामात १९२.१६८.२० असं आत्ताच करून टाका. दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिलं की बोगदा जोडलेला दिसतो पण पलीकडचं काहीच सापडत नाही.

कोडेक आत जी.७२२ आणि मग जी.७११ ए-लॉ असा क्रम द्या. जी.७२२ सात किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज नेतो, साधा फोन ३४०० हर्ट्‌झपर्यंतच. ‘स’ ची धार वरच्या भागात असते, म्हणून साध्या फोनवर ‘साठ मीटर’ आणि ‘आठ मीटर’ यांत गोंधळ होतो. कापडाच्या धंद्यात तो महागात पडतो.

## ६. आधी फक्त आतले कॉल

बाहेरचा ट्रंक अजून जोडायचा नाही. हा मोह आवरा. आत आणि बाहेर एकदम सुरू केलं तर बिघाड कुठे आहे तेच कळत नाही.

पहिला कॉल प्रतिध्वनी चाचणीला लावा. फ्रीपीबीएक्समध्ये (ॲस्टरिस्क चालवायच्या वेबपानात) त्यासाठी तारांकन आणि ४३ दाबायचं. तुम्ही बोललेलं परत ऐकू येतं. फोनपासून एक्स्चेंजपर्यंतची वाट दोन्ही दिशांनी ठीक आहे हे यातून कळतं.

मग २०१ वरून ३०१ ला, दुकानातून गोदामाला. दोन्हीकडे माणूस हवा. ‘हॅलो हॅलो, येतोय का आवाज’ एवढ्याने काही कळत नाही, कारण तुटक आवाजातही ‘हॅलो’ समजतोच. कागदावर वीस आकडे लिहून द्या, साठ, सात, आठ, सदतीस, सत्तावीस असे एकमेकांसारखे वाटणारे, आणि ते सावकाश वाचायला सांगा. पलीकडच्याने ऐकून लिहायचे, मग दोन कागद जुळवायचे. वीसपैकी एक जरी चुकला तरी पुढे जाऊ नका. नंतर भूमिका बदलून तेच. हाच प्रयोग व्हिडिओ चढत असताना करा.

तपासा: एक कॉल लावून अर्धा तास तसाच चालू ठेवा आणि अधूनमधून दोन्हीकडून बोला.

मोबाईलवरचं ॲप वापरायचं असेल तर तेही इथेच तपासा. फोनची बॅटरी वाचवायची सोय ॲपला झोपवते आणि घंटी वाजत नाही. त्या ॲपपुरती ती सोय बंद करावी लागते. शिवाय दुकानाच्या वायफायवर बोलत बोलत माणूस बाहेर पडला की डेटावर जाताना कॉल तुटू शकतो. सेठजींना हे आधीच सांगून ठेवा.

## ७. ट्रंक आणि आकड्यांचे नियम

आता कंपनीने दिलेला ट्रंक जोडा. बाहेर फक्त जी.७११ ए-लॉ ठेवा, आपल्या देशात हाच प्रकार चालतो. जी.७२९ ला आवाजासाठी ८ किलोबिटच लागतात म्हणून तो मोहात पाडतो, पण अपलोडची अडचण चौथ्या पायरीत सुटलेली असताना आवाज खराब करून घ्यायचं कारण नाही.

बँकेच्या ‘हिंदीसाठी एक दाबा’ साठी बटणांचे सूर आरएफसी ४७३३ पद्धतीने पाठवा. जुन्या यंत्रांत हीच पद्धत २८३३ या नावाने दिसेल. दोन्ही टोकांना एकच पद्धत नसेल तर एक दाबला की काहीच होत नाही, किंवा दोनदा दाबल्यासारखं होतं.

ट्रंकला जिवंत ठेवणारा निरोप दर २०–२५ सेकंदांनी जाईल असं करा. बऱ्याच राऊटरांत बाहेर जाण्यासाठी उघडलेली वाट अर्ध्या मिनिटात बंद होते. ती बंद झाली की तुमचे कॉल बाहेर जातात, पण बाहेरचा कॉल आत येत नाही.

आकड्यांचे नियम नीट लिहा. लँडलाइनवरून मोबाईल लावताना पुढे शून्य लावायचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. नोकरमंडळींना मोबाईलची सवय, ते थेट दहा आकडे दाबतात. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आला की यंत्राने शून्य लावायचा. सात आकडे आले तर ते बडोद्यातलेच, पुढे ०२६५ हवा की नको हे कंपनीला विचारून तसं करा. ११२, १०८, १००, १०१ यांना काहीही न लावता, कुठल्याही हँडसेटवरून, कुलूप नसलेल्या वाटेने बाहेर जाऊ द्या.

सावधान: पेटी गोदामाचा कॉल दुकानाच्या ट्रंकवरून बाहेर पाठवते. गोदामातून ११२ लावला तर मदतीला येणाऱ्यांना पत्ता दुकानाचा दिसू शकतो. गोदामातल्या प्रत्येक हँडसेटवर तिथला पत्ता चिकटवून ठेवा, आणि आग-अपघातात मोबाईलवरूनच फोन करा असं सगळ्यांना सांगा.

परदेशी कॉल, म्हणजे ०० ने सुरू होणारे, सुरुवातीपासून बंद ठेवा. गरज असेल त्या एकाच हँडसेटला पिन देऊन उघडा. कंपनीकडूनही रोजच्या खर्चाची मर्यादा लावून घ्या. पेटी फुटली तर चोर रविवारी रात्री कॉल करतात, सोमवारी सकाळपर्यंत कुणी पाहणार नसतं म्हणून.

## ८. बाहेरच्या कॉलची परीक्षा आणि बिघाडांची ओळख

चारही प्रकार करून पाहा: दुकानातून मोबाईलला, मोबाईलवरून दुकानात, गोदामातून लँडलाइनला, लँडलाइनवरून आलेला कॉल गोदामाला वर्ग करून. बिघाड झाला तर तो केव्हा झाला हे घड्याळ लावून बघा. वेळ बरंच काही सांगते.

आलेला कॉल उचलला, बोलणं झालं आणि बरोबर ३२ सेकंदांनी तुटला: हे ओळखीचं लक्षण आहे. कॉल उचलल्याचा निरोप तुमच्या पेटीने पाठवला, त्याची पोच परत आली नाही. पेटी तोच निरोप पुन्हापुन्हा पाठवते आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पटीनंतर, म्हणजे ३२ सेकंदांनी, कॉल सोडते. पोच हरवते कारण निरोपात तुमचा आतला १९२.१६८ चा पत्ता गेलेला असतो. पाचव्या पायरीतला बाहेरच्या पत्त्याचा रकाना आणि चौथ्यातलं एएलजी पुन्हा बघा.

कॉल १५ किंवा ३० मिनिटांच्या आसपास तुटतो: सत्राचा टायमर. सहसा तो १,८०० सेकंदांचा असतो आणि निम्म्या वेळेला ‘अजून चालू आहे ना’ असं विचारलं जातं. तो निरोप वाटेत अडतोय. कंपनीशी बोलून दोन्हीकडचा टायमर जुळवा.

घंटी वाजते, उचलल्यावर एका बाजूलाच ऐकू येतं: आरटीपीची वाट एका दिशेने बंद आहे. नॅट किंवा फायरवॉल बघा. हँडसेट बदलण्यात वेळ घालवू नका.

आवाज मधूनच तुटतो, दोघांपैकी एकालाच: ज्याला तुटक ऐकू येतं त्याच्या समोरच्याचा अपलोड बघा. गिऱ्हाईक म्हणतंय ‘तुमचा आवाज तुटतोय’ तर दोष बहुधा तुमच्याकडे. तुम्हाला त्याचा तुटतोय आणि त्याला तुमचा स्वच्छ येतोय, तर त्याचं मोबाईल नेटवर्क असू शकतं.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो: जिकडे ऐकू येतं त्याच्या विरुद्ध टोकाला कारण असतं. पलीकडचा स्पीकरफोन मोठ्या आवाजात असेल, किंवा पुढच्या पायरीतल्या जुन्या तांब्याच्या जोडणीत दोष असेल.

## ९. सगळ्यात शेवटी जुना नंबर

मोबाईल नंबर जसा एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो तशी सोय आपल्याकडे लँडलाइनला नाही. त्यामुळे जुना ०२६५ चा नंबर सोडला की गेला, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या पावत्या, पाट्या, पिशव्यांवर तोच छापलेला असतो. आधी त्याच कंपनीकडे चौकशी करा की तांब्यावरून फायबरवर जाताना तोच नंबर राहतो का. तसं झालं तर ते सर्वांत सोपं.

लाईन तशीच ठेवायची असेल तर ती एफएक्सओ तोंडाच्या गेटवेमधून, म्हणजे जुनी लाईन आणि नवं जाळं जोडणाऱ्या पेटीतून, एक्स्चेंजला जोडा. इथे खरेदीतच चूक होते. एफएक्सएस तोंड फोनला वीज देतं, म्हणजे त्याला साधा फोन किंवा फॅक्स लावायचा. एफएक्सओ तोंड बाहेरून आलेली लाईन घेतं. लाईन चुकून एफएक्सएसला लावली तर गेटवे बिघडू शकतो. खोक्यावर काय लिहिलंय ते दुकानातच वाचा.

जोडल्यावर दोन गोष्टी तपासा. फोन करणाऱ्याने ठेवल्यावर लाईन सुटते का? बऱ्याच गेटवेंना आपल्याकडचा व्यस्त सूर ओळखता येत नाही आणि लाईन तासन्‌तास अडकून पडते, गिऱ्हाइकाला मात्र ‘व्यस्त’ ऐकू येतं. गेटवेमध्ये भारताचे सूर निवडा, तरी जमलं नाही तर लाईनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (लाईनची वीज उलटी करून कॉल संपल्याची दिलेली खूण) मिळते का ते कंपनीला विचारा. दुसरं, कॉल करणाऱ्याचा नंबर दिसतो का? नसेल तर कॉलर आयडीचा प्रकार डीटीएमएफवरून एफएसके किंवा उलट करून पाहा.

जुनी लाईन खरोखर सोडायची असलीच, तर नवी व्यवस्था हंगामाच्या गर्दीतून एकदा पार पडू द्या आणि बिलाचं एक पूर्ण चक्र जाऊ द्या. त्याआधी अर्ज देऊ नका.

## १०. चालू ठेवण्यासाठी

एक्स्चेंज आणि राऊटर दोघांच्या सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवा. सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदल करा, तारखेसह वहीत लिहा. दोन बदल एकदम केले आणि सुधारलं, तर कशाने सुधारलं ते पुढच्या वेळी सांगता येत नाही.

गल्ल्याजवळ एक वही तक्रारींसाठी ठेवा. त्यात पाच रकाने: तारीख आणि मिनिटासकट वेळ, आतला नंबर, पलीकडचा नंबर, कॉल आलेला की केलेला, किती सेकंदांनी काय झालं. कंपनीला ‘फोन नीट चालत नाही’ असं सांगितलं की राऊटर बंद-चालू करा एवढंच उत्तर मिळतं. ‘मंगळवारी ६ वाजून ४२ मिनिटांनी २०३ वर मोबाईलवरून आलेला कॉल ३२ सेकंदांनी तुटला’ असं लिहून पाठवलं तर त्यांच्या इंजिनिअरला नोंदीत नेमका तोच कॉल काढून बघता येतो.